गारव्याचं वेळापत्रक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यात मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या ऑफिसात सहज चक्कर टाका. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत कितीतरी खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर नाहीतर शाल टाकलेली दिसते. अकाउंट्समधल्या ताई दुपारी तीनच्या सुमारास जिन्यात जाऊन उभ्या राहतात. कशासाठी, तर थोडी ऊब घ्यायला! म्हणजे पैसे मोजून आपण गारठा विकत घ्यायचा आणि त्या गारठ्यापासून बचाव म्हणून भर उन्हाळ्यात लोकरी कपडे बाळगायचे.

माझी नोकरीची सगळी वर्षं अशा इमारतींच्या तळघरात आणि गच्चीवर गेली. तळघरात चिलर, गच्चीवर कूलिंग टॉवर आणि मधल्या मजल्यांवर आमच्या नावानं बोटं मोडणारी माणसं. कोणाला फार गार होतं, कोणाला पुरेसं गार होत नाही. यात लोकांचाही फारसा दोष नाही. ऑफिसात किती गार असावं याचे आडाखे फार वर्षांपूर्वी बसवले गेले. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की या आडाख्यांच्या मुळाशी चाळिशीचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष आहे. त्याच्या शरीरातून जेवढी उष्णता बाहेर पडते तेवढी सगळ्यांच्याच शरीरातून पडते, असं धरून चाललेलं. बायकांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, आणि शाली निघतात.

आपल्याकडे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही सरकारी संस्था सांगते, की तापमानाचं सेटिंग एक अंशानं वर नेलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. चालू केला की २४; पुढे रिमोट तुमच्या हाती. हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच असेल, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मला आज बोलायचं आहे ते किती गार करायचं यापेक्षा कधी गार करायचं याबद्दल. कारण विजेच्या बाबतीत युनिट किती जळालं याइतकंच ते किती वाजता जळालं याला महत्त्व असतं, आणि ही गोष्ट आपल्या मनात अजून नीट रुजलेली नाही.

घरात लग्न निघालं की दोनशे पाहुणे येतात. म्हणून कोणी दोनशे माणसांचं घर बांधत नाही. आपण मांडव घालतो आणि चार दिवसांनी सोडतो. विजेला असा मांडव नाही. वर्षातल्या ज्या काही तासांना मागणी सर्वांत जास्त असते, त्या तासांसाठी वीज केंद्रं, तारा, ट्रान्सफॉर्मर हे सगळं पक्कं बांधावं लागतं आणि उरलेलं वर्षभर त्याच्या कर्जाचे हप्ते फेडावे लागतात. इंग्रजीत या वरच्या टोकाला पीक म्हणतात. आपल्याकडे पीक म्हटलं की ज्वारी-बाजरी डोळ्यांसमोर येते, म्हणून मी आपली कमाल मागणी म्हणतो. २९ एप्रिल २०२२ रोजी देशाची कमाल मागणी २०७ गिगावॉट होती. दोनच वर्षांनी, ३० मे २०२४ रोजी, ती २५० गिगावॉटवर गेली. उन्हाळ्यातली ही चढण बव्हंशी पंखे, कूलर आणि एसी यांनी चढवलेली आहे.

मांडव घालता येत नाही आणि घर पुरत नाही, तेव्हा काय होतं? काही पाहुण्यांना बाहेर बसवावं लागतं. त्याला आपण भारनियमन म्हणतो. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात काढली, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गावांतून रोज कित्येक तास वीज जाई आणि मुंबई मात्र त्यातून वगळलेली होती. तेव्हा मी नरिमन पॉइंटच्या एका इमारतीत कामाला होतो. आमचा चिलर एक दिवसही बंद पडला नाही. सुट्टीत गावी गेलो की दिवेलागणीला अंधार आणि नातेवाइकांचा एकच प्रश्न: तुमच्याकडे कशी हो वीज जात नाही? त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतं.

त्याच काळात पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. २००६ साली पुण्यातली तूट सुमारे ९० मेगावॉटची होती. कारखानदारांनी आपले जनरेटर चालवून तेवढी वीज ग्रीडवरून घेणं सोडलं, ती शहराला मिळाली, आणि जनरेटरच्या महाग विजेचा फरक ग्राहकांनी युनिटमागे थोडा जादा आकार देऊन भरला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शहरातलं भारनियमन टळलं ते नवं वीज केंद्र बांधून नव्हे; काही मोठ्या ग्राहकांनी ठरावीक तासांना ग्रीडवरून हात काढून घेतला म्हणून. तो ९० मेगावॉटचा आकडा लक्षात असू द्या, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता कमाल मागणीचे तास कोणते, हा प्रश्न. इथे गेल्या काही वर्षांत मोठी गंमत झाली आहे. आमच्या उमेदीच्या काळात शिकवण अशी होती, की रात्री वीज पडून असते, दिवसा टंचाई असते. म्हणून रात्री बर्फ करून ठेवा आणि दिवसा तो वितळवून इमारत गार करा. मोठमोठ्या टाक्या, त्यात बर्फाचे गोळे किंवा बर्फ धरणाऱ्या नळ्या. ही कल्पना ऐकायला विचित्र वाटेल, पण आमचा धंदा मुळात बर्फाचाच आहे. तुम्ही दुकानात जाऊन दीड टनाचा एसी मागता, तो टन कशाचा? बर्फाचा. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. यंत्रं येण्यापूर्वी खराखुरा बर्फच वापरत. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा, तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भुशाखाली दडवून १८३३ साली कलकत्त्याला पोचला आणि पुढच्याच वर्षी मुंबईला. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला तो बर्फ म्हणजे साठवलेली थंडीच.

तर रात्री साठवा, दिवसा वापरा, ही जुनी रीत. वीजदरही त्याच धोरणाचे होते. महाराष्ट्रात मोठ्या ग्राहकांना रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असे आणि सकाळी नऊ ते बारा व संध्याकाळी सहा ते दहा जादा आकार. मग सूर्य मध्ये आला. २०२५ च्या सुरुवातीला देशातली सौर वीजक्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. आता दुपारी वीज भरपूर असते. अडचण होते ती सूर्य मावळल्यावर. सौर वीज तासा-दीड तासात शून्यावर येते, घराघरांत दिवे-पंखे-एसी लागतात, आणि ऑफिसं मात्र अजून चालूच असतात; परदेशी गिऱ्हाइकांची कामं करणारी तर तेव्हा कुठे रंगात येतात. केंद्र सरकारनं २०२३ साली नियम केला, की १ एप्रिल २०२४ पासून दहा किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त मिळावी आणि कमाल मागणीच्या तासांत ती किमान वीस टक्के महाग पडावी. राज्यांचे आयोग आपापल्या दरपत्रकांत तास ठरवतात. म्हणजे आमची शिकवण उलटी झाली. थंडी साठवायची दुपारी आणि वापरायची संध्याकाळी.

साठवायची कशात? प्रत्येकाकडे बर्फाची टाकी कुठून असणार? पण इमारत तर आहे ना! आपले जुने वाडे आठवा. जाड भिंती, लहान खिडक्या. घरातली बाई सकाळी आठ-नऊलाच खिडक्या लावून घेई आणि सूर्य कलला की उघडे. भिंती रात्री गार होत आणि दिवसभर तो गारवा पुरवून पुरवून देत. ऑफिसची इमारत काचेची असली तरी तिच्या पोटात काँक्रीटची लादी मजल्यागणिक आहेच.

जरा आकडेमोड करू. तोंडी करण्यासारखीच आहे. एक लाख चौरस फुटांचं, म्हणजे साधारण दहा हजार चौरस मीटरचं ऑफिस घ्या. लादी पंधरा सेंटीमीटर जाडीची. ही सगळी लादी दोन अंशांनी गरम व्हायला जेवढी उष्णता लागते, ती ५०० टनांचा चिलर पूर्ण तासभर चालवून काढाल तेवढी भरते. म्हणजे लादी दोन अंश गार करून ठेवलीत, तर तासाभराचा गारवा तिनं खिशात घातला. प्रत्यक्षात एवढा हाती लागत नाही. खाली फॉल्स सीलिंग आणि वर गालिचा असा दोन्ही बाजूंनी आपण लादीला गोधडी पांघरलेली असते. निम्मा हाती आला तरी मी खूश असेन. पण संध्याकाळी ऊन उतरलेलं असतं, निम्मी माणसं घरी गेलेली असतात, आणि अशा ऑफिसला तेव्हा १५०-२०० टन पुरतात. म्हणजे त्या निम्म्या साठ्यावरही तासभर ते दीड तास निभावता येतं, आणि चिलर पूर्ण बंद न करता निम्म्यावर चालवला तर अडीच-तीन तास.

हे कागदावरचं गणित नाही. कॅलिफोर्नियात २०००-२००१ मध्ये विजेचं मोठं संकट आलं, शहरांत आळीपाळीनं वीज घालवावी लागली. त्यानंतर तिथल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या मंडळींनी सँटा रोझा गावातल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी ऑफिसात प्रयोग केला. दुपारी दोनपर्यंत इमारत नेहमीपेक्षा जरा जास्त गार ठेवायची आणि दोन ते पाच तापमान हळूहळू वर जाऊ द्यायचं. त्या तीन तासांत चिलरची वीज ८० ते १०० टक्क्यांनी उतरली. चिलर जवळजवळ बंदच! आणि देखभाल विभागाकडे गरम होतंय अशी एकही तक्रार आली नाही. यासाठी नवं यंत्र बसवलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त वेळापत्रक.

कॅलिफोर्नियाची हवा कोरडी, आमच्या मुंबईत घामाच्या धारा, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. चिलर थंडीबरोबर हवेतलं पाणीही काढून घेत असतो. तो बंद ठेवला की २५ अंशांतही चिकचिक होते आणि कागद नरम पडतात. म्हणून मुंबईत, कोकणात, गोव्यात, आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच, चिलर पूर्ण बंद करू नये. त्याला मर्यादा बांधून घालता येते. ४० किंवा ५० टक्क्यांच्या वर जायचं नाही, अशी. पाणी थंडच ठेवायचं, म्हणजे हवेतला दमटपणा निघत राहतो, आणि पंख्यांचा वेग कमी करायचा. पंख्याच्या वेगाचा एक नियम फार कामाचा आहे: वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्मी लागते. पुणे, नाशिक, नागपूर इथे उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे मोकळीक जास्त. ताजी हवा आत घेणं मात्र कुठेही कमी करू नये. वीज वाचवायला माणसांना कोंडून ठेवायचं नसतं.

पुण्यात एका आठ मजली ऑफिसात मी हे करून पाहिलं. दुपारी बारा ते साडेचार सेटिंग २३ अंश, पाचनंतर दर अर्ध्या तासाला अर्धा अंश वर, साडेसातपर्यंत २५ च्या पुढे. पहिल्या आठवड्यात फोन आले ते सगळे पश्चिमेच्या काचेलगतच्या टेबलांवरून. तिथे तापमापक हवेचं २४ दाखवत होता, पण काच तव्यासारखी तापलेली. माणसाला नुसती हवा तापवत नाही, समोरची काचही तापवते. आमच्या प्लँटरूमचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणत, त्यांनी तोडगा काढला: तीनच्या ठोक्याला हाउसकीपिंगच्या पोरांनी पश्चिमेचे पडदे ओढायचे. फोन थांबले.

गंमत अशी, की आपली बरीच ऑफिसं दुपारी न सांगताच जादा गार झालेली असतात. स्वेटर त्याचेच साक्षीदार. म्हणजे साठवण तर रोज होतेच आहे. संध्याकाळी ती वापरून घेण्याऐवजी आपण चिलर तसाच दामटत राहतो आणि भरलेला रांजण तसाच सोडून घरी जातो. रात्री तो गारवा उडून जातो. सकाळी नऊला पुन्हा सगळी यंत्रं एकदम सुरू. मोठ्या ग्राहकांच्या बिलात युनिटांखेरीज कमाल मागणीचा वेगळा आकार असतो आणि तो महिन्यातल्या एखाद्या अर्ध्या तासाच्या सर्वोच्च सरासरीवरूनही ठरू शकतो. सोमवारी सकाळी एकदम खटके ओढलेत, तर त्या अर्ध्या तासाचं भाडं महिनाभर भरा! यंत्रं दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सुरू करायला कवडी लागत नाही. संध्याकाळी कपात संपवतानाही हेच पथ्य. नऊ वाजले म्हणून सगळ्यांनी एकदम सैल सोडलं, तर कमाल मागणी नाहीशी होत नाही, नऊवर सरकते.

इतकं सोपं आहे तर होत का नाही, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, अडचण यंत्रांत नाही, माणसांच्या हिशेबात आहे. बहुतेक मोठ्या इमारती भाड्यानं दिलेल्या असतात. चिलर मालकाचा, वीजबिल सगळ्या भाडेकरूंत चौरस फुटांप्रमाणे वाटलेलं. चौथ्या मजल्यानं संध्याकाळी सेटिंग वर नेलं, तर वाचलेले पैसे आठही मजल्यांत विरघळतात. मग त्यानं ते का करावं? मालकाला काय, बिल पुढे पाठवलं की तो मोकळा. जोवर मजल्यामजल्याला थंड पाण्याचं मीटर लागत नाही आणि वेळेप्रमाणे दर भाडेकरूपर्यंत पोचत नाही, तोवर या मंडळींना नीतीचे धडे देऊन उपयोग नाही.

आणि तळघरातला ऑपरेटर. तो बहुधा कंत्राटी असतो, आठ तासांच्या पाळीत दर तासाला वहीत आकडे भरतो: पाणी किती अंशांवर गेलं, किती अंशांवर परत आलं, मोटरनं किती करंट घेतला. वीज वाचली म्हणून त्याला कोणी चहा पाजत नाही. गरम झालं म्हणून वरून फोन आला, तर मात्र बोलणी त्यालाच बसतात. एका कंपनीत, नाव सांगत नाही, वरच्या साहेबांच्या केबिनमधून तक्रार आली म्हणून एका ऑपरेटरला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलेलं मी पाहिलं आहे. केबिन दुरुस्तीसाठी पार्टिशन घालून बंद केली होती आणि हवेची जाळीच त्यात झाकली गेली होती. चिलरचा त्यात काही संबंध नव्हता. अशा माणसानं स्वतःच्या जोखमीवर चिलर निम्म्यावर आणावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? तो मुकाट्यानं सगळं पूर्ण क्षमतेवर ठेवतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतंत. म्हणून मी नेहमी सांगतो, की संध्याकाळी तापमान किती वर जाऊ द्यायचं हे मॅनेजमेंटनं लेखी द्यावं, ते सूचनाफलकावर लावावं, आणि तक्रारीचा फोन प्लँटरूममध्ये न जाता ज्यानं सही केली त्याच्याकडे जावा.

मोठ्या प्रमाणावर प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. मुंबईत टाटा पॉवरनं २०१२ च्या सुमारास मोठ्या ग्राहकांशी करार करून, सांगावा आला की ठरावीक तास भार कमी करा आणि त्याचा मोबदला घ्या, अशी योजना चालवून पाहिली. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एकाच केंद्रातून नळानं थंड पाणी अनेक इमारतींना जातं, जसं नगरपालिकेचं पाणी येतं तसं, आणि तिथे थंडी साठवायच्या टाक्याही आहेत. हैदराबादला इन्फोसिसनं २०११ साली एकच इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीची गार हवा, दुसऱ्यात लादीतच बसवलेल्या नळ्यांतून थंड पाणी. लादीतून गारवा देणाऱ्या भागाला सुमारे एक-तृतीयांश वीज कमी लागली. वाड्याच्या भिंतीचंच हे नवं रूप, आणि इथे लादीवरची गोधडीही काढलेली.

पण सर्वांत धीटपणे हा प्रश्न हाताळला तो जपाननं, आणि तोही कपड्यांपासून सुरुवात करून. २००५ साली तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं ‘कूल बिझ’ मोहीम काढली: उन्हाळ्यात ऑफिसचं तापमान २८ अंश, आणि कोट-टाय घालायचा नाही. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता वावरू लागले, तेव्हा खालच्यांचा संकोच गेला. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि फुकुशिमाची दुर्घटना झाली, अणुवीज केंद्रं बंद पडली, आणि त्या उन्हाळ्यात टोकियो व तोहोकू भागातल्या मोठ्या ग्राहकांना कमाल मागणी पंधरा टक्क्यांनी उतरवणं कायद्यानंच भाग पाडलं. २८ अंश आपल्याला जास्त वाटतील; मलाही पंख्याशिवाय ते जमणार नाहीत. पण पंखा लावला तर २६ अगदी आरामात चालतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतीय ऑफिसांतल्या लोकांना कुठल्या तापमानात बरं वाटतं याचा देशभर अभ्यास केला, त्यातूनही हेच दिसलं, की जे लोक पंख्याच्या आणि उघड्या खिडक्यांच्या सवयीचे आहेत ते आयात केलेल्या आडाख्यांपेक्षा बरंच जास्त तापमान सुखानं सोसतात. आपण मात्र छतावरचे पंखे काढून टाकले, कारण ते फॉल्स सीलिंगमध्ये शोभत नाहीत. आणि मे महिन्यात मुलाखतीला येणारा पोरगा अजून टाय लावून येतो.

आता त्या ९० मेगावॉटकडे येऊ. पूर्ण भारावर ५०० टन लागणाऱ्या मोठ्या इमारतीत चिलर, पंप, टॉवर, पंखे सगळं मिळून ठोकळमानानं टनामागे एक किलोवॉट, म्हणजे ५०० किलोवॉट जातात. त्यातले संध्याकाळी तीन तास २५० किलोवॉट सोडता आले असं धरू. अशा साडेतीनशे-एक इमारती झाल्या की २००६ सालची पुण्याची तूट भरून निघते. आणि पुण्यात त्या वेळी जनरेटर धडधडत होते, डिझेल जळत होतं, जादा आकार भरावा लागत होता. इथे यातलं काहीच नाही. बाणेर, हिंजवडी, खराडी, वांद्रे-कुर्ला, ऐरोली एवढी नावं घेतली तरी मोठ्या इमारती किती ते तुम्हीच पाहा.

आणखी एक हिशेब मला कायम खुणावतो. २५० किलोवॉटवर पाच हॉर्सपॉवरचे साठ कृषिपंप चालतात. एका इमारतीचा संध्याकाळचा जादा गारवा म्हणजे साठ विहिरींचं पाणी. वीज काही एका तारेतून उचलून दुसऱ्या तारेत घालता येत नाही, हे मी जाणतो. पण टंचाई येते तेव्हा कोणाचा फीडर बंद करायचा हे कोणीतरी ठरवतंच, आणि तो सहसा काचेच्या इमारतीचा नसतो. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईत पुन्हा भारनियमन करावं लागलं. शेतीच्या पंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, ही पद्धत अनेक वर्षांची. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या आणि काही तालुक्यांत बिबट्याच्या धाकात पाणी धरायला जाणं. राज्यानं २०१७ पासून सौर कृषिवाहिनीची योजना काढली आहे ती हे पंप दिवसा चालावेत म्हणून. म्हणजे शेतकऱ्यानं आपलं वेळापत्रक सूर्याप्रमाणे बदलायला घेतलं आहे. ऑफिसांना ते त्याहून सोपं आहे. त्यांना रात्री बांधावर जावं लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी एखाद्या ऑफिसचं किंवा मॉलचं, सभागृहाचं व्यवस्थापन बघत असेल, तर दोन कामं करा. वीजबिलावर वेगवेगळ्या तासांचे दर छापलेले असतात, ते तास लाल शाईनं अधोरेखित करा. मग तळघरात जा आणि ऑपरेटरची वही उघडून संध्याकाळी सहा ते नऊचे मागच्या महिन्याचे आकडे पाहा. बाहेर अंधार पडल्यावरही मोटरचा करंट दुपारइतकाच दिसला, तर तुमच्या इमारतीत करण्यासारखं पुष्कळ आहे. प्रयोग करायला मे महिन्याची वाट पाहू नका. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सुरुवात करा. हवा गरम असते पण अंगावर येत नाही, आणि जे बिघडेल ते दुरुस्त करायला मार्चपर्यंत सवड मिळते.